उमेदवारीचे विद्यावेतन आणि सोलापूरचे माग

मालकाने शिकविलेला कामगार उद्या शेजारच्या कारखान्यात जाऊ शकतो. म्हणून शिक्षणाचा खर्च एकट्या मालकाने सोसावा, अशी अपेक्षा व्यवहारात फलद्रूप होत नाही. त्या खर्चात शासनाने वाटा उचलावा, या तत्त्वाला आपल्याकडे जुना आधार आहे. १९६१च्या शिकाऊ उमेदवारी कायद्यात १९७३ साली दुरुस्ती होऊन अभियांत्रिकीचे पदवीधर व पदविकाधारक त्याच्या कक्षेत आले. कला, वाणिज्य व विज्ञान शाखांच्या पदवीधरांना मात्र २०१४च्या दुरुस्तीपर्यंत थांबावे लागले. २०१९च्या नियमांनी पदवीधर उमेदवाराचे किमान मासिक विद्यावेतन ९,००० रुपये ठरविले आणि त्याचा निम्मा भार केंद्राकडे राहिला.

परंतु हे सारे मुख्यतः पदवी हाती आल्यानंतरचे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार राज्यात २०२३पासून पदव्युत्तर अभ्यासक्रमातच कार्यप्रशिक्षणाचे चार श्रेयांक, म्हणजे साधारणतः १२० तास, आवश्यक झाले. या तासांना विद्यावेतनाची हमी नाही. २०२४च्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेने पदवीधरांना दरमहा १०,००० रुपये देऊ केले खरे, पण शिक्षण चालू असलेल्यांना वगळून. त्याच वर्षीच्या पंतप्रधान इंटर्नशिप योजनेतही पूर्णवेळ विद्यार्थ्याला प्रवेश नव्हता, आणि ती उभारली गेली देशातील ५०० मोठ्या कंपन्यांवर. शिकाऊ उमेदवारी अंतर्भूत असलेले पदवी अभ्यासक्रम हा अपवाद; तो विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२०मध्ये मान्य केला.

सोलापुरात ही विसंगती अधिक बोचते. १८७७ साली सुरू झालेल्या जुन्या मिलपासून येथे गिरण्यांची परंपरा होती. हजारो हातांना एका छताखाली काम देणाऱ्या त्या गिरण्या बंद पडल्या. उरले ते चादर-टॉवेलचे यंत्रमाग आणि तयार कपड्यांचे कारखाने. त्यांतील बहुसंख्य लहान. शिकाऊ उमेदवार घेण्याचे बंधन तीस वा अधिक मनुष्यबळाच्या आस्थापनांवर आहे; त्याखाली सारा ऐच्छिक मामला. अक्कलकोट किंवा मंगळवेढ्याहून येणाऱ्या वाणिज्याच्या विद्यार्थ्याने मग जावे कोठे? एसटीचे भाडे स्वतः भरून तो एखाद्या कर सल्लागाराच्या कचेरीत विवरणपत्रे भरतो. ज्याच्या घरी तेही भाडे जड, तो ओळखीच्या दुकानाचे प्रमाणपत्र आणतो; त्याला सर्वस्वी दोष देता येत नाही.

वस्तुतः सूत, रंग व मजुरी यांचा खर्च प्रत्येक नगामागे किती पडतो, याचे शिस्तशीर गणित अनेक लहान कारखानदारांना हवे आहे, आणि तेच विद्यार्थ्यांना शिकायचे आहे. दहा-वीस यंत्रमागधारकांचा गट एक आस्थापना मानून शासनाने विद्यावेतन थेट विद्यार्थ्याच्या खात्यात भरले, तर दोघांचीही सोय होईल. फुकटचा हिशेबनीस मिळाला म्हणून पगारी कारकुनाला घरी बसविण्याचा मोह मात्र येथे संभवतो. तेव्हा विद्यावेतनातील थोडा तरी हिस्सा गटाने भरावा, आणि १२० तासांची नोंदवही महाविद्यालयाच्या शिक्षकाने माग चालू असताना जाऊन तपासावी.