प्रोजेक्शन टीव्हीतली गळती
१९९० च्या दशकातल्या मोठ्या प्रोजेक्शन टीव्हीत लाल, हिरवी आणि निळी अशा तीन छोट्या पिक्चर ट्यूब असतात. प्रखर उजेड देताना त्या तापतात. म्हणून ट्यूबची काच आणि भिंग यांच्यामध्ये ग्लायकॉल असलेला पारदर्शक द्रव भरलेला असतो.

वर्षानुवर्षांच्या उष्णतेने रबरी सील कडक होतं आणि द्रव झिरपू लागतो.

त्याचे चिकट थेंब खालच्या सर्किट बोर्डावर पडले, तर तांब्याच्या रेषा गंजतात, शॉर्टसर्किटही होतं. त्यामुळे नुसता द्रव भरून भागत नाही. प्लग काढल्यावरही ट्यूबमध्ये हजारो व्होल्ट साठलेले असू शकतात. ते जाणकार मेकॅनिकनेच उतरवावेत. मग सील बदलावं, बोर्ड स्वच्छ करून पूर्ण वाळवावा. नवा द्रव सावकाश ओतावा, कारण अडकलेला बुडबुडा चित्र बिघडवतो.

एथिलीन ग्लायकॉल चवीला गोडसर, पण विषारी असतं. सांडलेला द्रव लगेच पुसावा आणि मुलं, कुत्री-मांजरं यांना तिथे फिरकू देऊ नये.