पहाटेचा बेडका

"यंत्र दोन तासांत सांगतं, पण बेडका मिळवायला मला दोन दिवस लागतात." साक्री तालुक्यातल्या एका आशाताईंच्या या वाक्यामुळे मी त्यांच्यामागे पाड्यावर गेले.

होळीच्या सुमाराला गुजरातेतल्या ऊसतोडीवरून परतलेला तरुण अंगणात खोकत बसला होता. दोन आठवड्यांवर खोकला टिकला की क्षयासाठी तपासायचं, हा नियम. याला महिना झालेला. ताईंनी दिलेली डबी हातात येताच तो पचकन थुंकला.

"ही लाळ झाली भाऊ. छातीतून येऊ दे." ताईंनी स्वतः दोनदा श्वास भरून रोखला आणि तिसऱ्यांदा पोटापासून खोकून दाखवलं. त्याची बायको दारात उभी राहून बघत होती. त्याला जमलं नाही. लाळेत जंतू सहसा सापडत नाहीत. कागदावर 'निगेटिव्ह' येतं आणि माणूस घरभर खोकत राहतो. रात्रभर साचलेला पहाटेचा पहिला बेडका सगळ्यांत चांगला. सीबीनॅट यंत्र त्यातूनच क्षयाचे जंतू आहेत का आणि रिफाम्पिसिन हे औषध त्यांना लागू पडेल का, दोन्ही सांगतं.

वाटेत ताई उपचाराच्या सहा महिन्यांबद्दल बोलत होत्या. पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन. लघवी नारिंगी होते, हे आधीच सांगावं लागतं, नाहीतर घाबरून गोळ्या टाकून देतात. खरा धोका ताप उतरून भूक लागली की सुरू होतो. मागच्या वर्षी एकाने विचारलं होतं, "आते बरं वाटस, मंग गोळ्या कसाले?" गोळ्या मध्येच सुटल्या की उरलेले जंतू औषधाला दाद देईनासे होऊ शकतात.

घरी राहूनही क्षय बरा होतो, हे १९५६ साली मद्रासमध्ये सुरू झालेल्या प्रयोगाने दाखवलं. आरोग्यधामाचा भार तेव्हापासून अशा अंगणांवर आला. पोषणासाठी सरकार महिन्याला १००० रुपये देतं. २०२४ च्या नोव्हेंबरपूर्वी ५०० होते. राबणाऱ्या घराला तेही अपुरेच.

"आता गोळ्या सुरू झाल्या तर दसऱ्याच्या सुमाराला सहा महिने भरतात," ताई म्हणाल्या. "दिवाळीनंतर हा कोयता घेऊन निघणार."

दुसऱ्या दिवशी उजाडताना आम्ही पोचलो, तर तो चूळ भरून घरामागे उघड्यावर उभा होता. बराच वेळ खोकल्याचा आवाज आला. बायकोने डबी आणून दिली. ताईंनी ती उजेडात धरली. तळाशी दाट, पिवळसर बेडका होता.

"हा खरा," त्या म्हणाल्या आणि झाकण घट्ट फिरवलं.