तळ्याच्या नावात मेलेली माणसं

लेक्चर चालू असताना गूगल मॅपवर भटकायची सवय आहे? मग एकदा अमेरिकेतलं विस्कॉन्सिन राज्य उघडा. ऑशकॉश गावाजवळ एक मोठं तळं दिसेल. नाव, ब्यूट दे मोर. ऐकायला महागड्या परफ्यूमसारखं वाटतं ना? वर्गात फ्रेंच शिकणारी एखादी मैत्रीण असेल, तर तिला अर्थ विचारा. 'मेलेल्यांची टेकडी'!

थांबा, यात भूतबित काही नाही. सतराव्या शतकापासून फ्रेंच व्यापारी बीव्हरच्या कातड्यांसाठी होड्या घेऊन इथल्या फॉक्स नदीतून ये-जा करायचे. रस्ते नाहीत, पाट्या नाहीत. काठावर जे दिसेल आणि तिथले लोक जे सांगतील, तेच नाव पडायचं. इथे जवळच मूळ रहिवाशांनी आपली माणसं पुरलेला मातीचा उंचवटा होता. त्यावरून तळ्याचं नाव पडलं. याच राज्यात 'मशालींचं तळं' आहे, लाक द्यू फ्लाँबो. तिथे ओजिब्वे लोक रात्री मशाली पेटवून मासे मारायचे, एवढंच.

मिशिगन सरोवरात तर 'मृत्यूचं दार' आहे. पोर्त दे मोर नावाची ही सामुद्रधुनी होड्या बुडवण्यासाठी बदनाम. तिच्यावरून शेजारच्या जिल्ह्याचं नाव पडलं डोअर काउंटी. मृत्यू गळाला, नुसतं दार राहिलं! आता पर्यटक तिथे चेरी खायला जातात.

मला खरी टोचली ती फॉक्स नदीवरच खाली असलेल्या धाकट्या ब्यूट दे मोर तळ्याची गोष्ट. त्याच्या काठावरही अशीच टेकडी होती. 1827 मध्ये तिथेच अमेरिकन सरकारने ओजिब्वे, मेनॉमिनी आणि विनेबागो लोकांना बोलावून हद्दींचा करार केला. कागदावर सह्या झाल्या. पुढे काही दशकांत रेल्वे आली. रुळांखाली भराव हवा होता, माती समोरच होती. टेकडी खणून नेली. कुणाची तरी आजी, कुणाचं तरी पोर त्या मातीत होतं.

फ्रेंच व्यापारी कधीच गेले. टेकडीही गेली. हिवाळ्यात तळं गोठतं, तेव्हा लोक बर्फाला भोक पाडून निवांत गळ टाकून बसतात. कुठे चाललात विचारलं, तर एका दमात सांगतात, 'ब्यूडामोर'ला.