शेजारी कोणता खांब उभा करायचा?
ग्राहकनोंदींचे सॉफ्टवेअर : लेखांक ७

रिपोर्टला फिल्टर कसे लावायचे, ते मागच्या आठवड्यात पाहिले. आता त्याच रिपोर्टमधून चार्ट काढायचा आहे. सेल्सफोर्समध्ये रिपोर्टला निदान एक ग्रुपिंग दिल्याशिवाय चार्ट निघत नाही. दुसरे ग्रुपिंग दिले, की आडव्या अक्षावरच्या प्रत्येक नावापाशी वेगवेगळ्या रंगांच्या खांबांचा एकेक गट उभा करता येतो. यातले कोणते ग्रुपिंग पहिले आणि कोणते दुसरे, हा अनेक कार्यालयांत सजावटीचा प्रश्न समजला जातो. दोन्हींची अदलाबदल करून पाहायची आणि बरे दिसेल ते सेव्ह करायचे. हे मला मुळातच चुकीचे वाटते. ग्रुपिंगचा क्रम हाच चार्टला विचारलेला प्रश्न असतो. तो न ठरवता काढलेल्या चार्टवरून माणसांच्या कामाची पारख होते, त्यांचे टार्गेट आणि इन्सेंटिव्ह ठरतात. म्हणून याबाबत काटेकोर राहायला हवे.

हिशेबासाठी एक उदाहरण रचू. पंप विकणाऱ्या एका कंपनीच्या पुणे आणि सातारा अशा दोन शाखा आहेत आणि दोघींच्या प्रत्येकी १०० डील निकाली निघाल्या आहेत. पुण्याने ६५ जिंकल्या, साताऱ्याने ४०. एवढाच चार्ट बैठकीत लावला, तर साताऱ्याच्या व्यवस्थापकाला खाली मान घालून बसावे लागेल. आता ग्राहक जुना की नवा, हे दुसरे ग्रुपिंग द्या. पुण्याकडे जुन्या ग्राहकांच्या ८० डील होत्या, त्यांतल्या ६० जिंकल्या, म्हणजे ७५ टक्के. नव्या ग्राहकांच्या २० पैकी ५, म्हणजे २५ टक्के. साताऱ्याने जुन्यांच्या २० पैकी १६ जिंकल्या, म्हणजे ८० टक्के. नव्यांच्या ८० पैकी २४, म्हणजे ३० टक्के. दोन्ही प्रकारच्या ग्राहकांत सातारा पुढे आहे. एकूण आकड्यात ती मागे पडली, कारण तिच्या वाट्याला नवे ग्राहक जास्त आले. हे केवळ कागदावर घडत नाही. १९७३ साली अमेरिकेतील बर्कली विद्यापीठाच्या पदव्युत्तर प्रवेशांत सुमारे ४४ टक्के पुरुष अर्जदारांना आणि ३५ टक्के स्त्री अर्जदारांना प्रवेश मिळाल्याचे दिसले आणि भेदभावाची शंका आली. १९७५ साली विभागवार तपासणी प्रसिद्ध झाली, तेव्हा स्त्रियांनी अधिक चुरशीच्या विभागांत जास्त अर्ज केले होते, हे त्या तफावतीचे मुख्य कारण निघाले.

मात्र दुसरे ग्रुपिंग दिले म्हणजे काम झाले असे नाही. आडव्या अक्षावर शाखा ठेवून ग्राहकाचा प्रकार रंगाने दाखवला, तर पुण्याच्या गटात ७५ शेजारी २५ आणि साताऱ्याच्या गटात ८० शेजारी ३० असे खांब उभे राहतील. बघणारा म्हणेल, जुने ग्राहक लवकर पटतात. ते खरेच आहे, पण तो आपला प्रश्न नव्हता. अक्षावर ग्राहकाचा प्रकार घ्या आणि शाखा रंगाने दाखवा, की ७५ शेजारी ८० आणि २५ शेजारी ३० येतात. आकडे तेच, उत्तर मात्र आता नजरेला भिडते. ज्यांची तुलना करायची ते खांब एकमेकांना लागून हवेत आणि एकाच तळरेषेवर उभे हवेत. विल्यम क्लीव्हलँड आणि रॉबर्ट मॅकगिल यांनी १९८४ साली प्रयोगांतून दाखवले, की समान मोजपट्टीवरची स्थाने माणूस नुसत्या लांबीपेक्षा किंवा कोनापेक्षा अधिक अचूक ताडतो.

काय मोजायचे, हेही इथेच ठरवावे लागते. वरचा चार्ट जिंकलेल्या डीलच्या नुसत्या संख्येचा काढला, तर जुन्या ग्राहकांत ६० शेजारी १६ असे खांब येतील आणि पुणे पुन्हा मोठे दिसेल. टक्केवारी दाखवायची, तर समरी फॉर्म्युला लिहावा लागतो : जिंकलेल्यांची बेरीज भागिले बंद झालेल्यांची बेरीज. चालू असलेल्या डील त्यामुळे आपोआप बाहेर राहतात. हा फॉर्म्युला प्रत्येक ग्रुपिंगच्या पातळीवर लागू करा. गटांच्या टक्केवारीची सरासरी स्वतः काढत बसू नका. ८० आणि ३० यांची सरासरी ५५ येते, साताऱ्याचा खरा एकूण दर मात्र ४० टक्के आहे.

एकावर एक रचलेला चार्ट जागा वाचवतो आणि बेरीजही दाखवतो, मग तो का नको, असे कोणी विचारेल. रुपयांची एकूण उलाढाल दाखवायला तो जरूर वापरावा. टक्केवारीला तो चालत नाही. ८० वर ३० ठेवून झालेल्या ११० ला काहीच अर्थ नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. गट पाडत गेले, की हवा तो निष्कर्ष काढता येतो, मग मॅनेजर आपल्या सोयीचे ग्रुपिंग निवडणार नाही कशावरून? ही भीती रास्त आहे. तिच्यावर उपाय असा, की डीलचा निकाल लागण्याआधीच ठरलेल्या गोष्टीवरूनच गट पाडावेत. ग्राहक जुना की नवा, हे डील उघडतानाच माहीत असते. शेवटी किती सूट दिली, हे वाटाघाटीत ठरते. त्यावरून पाडलेल्या गटांत विक्रेत्याचे स्वतःचेच कसब मिसळलेले असते. गट फार लहान झाला तरी निष्कर्ष काढू नये. आपल्या उदाहरणात पुण्याच्या नव्या ग्राहकांच्या डील २० च आहेत; आणखी एक जिंकली असती, तर २५ चे ३० टक्के झाले असते आणि सातारा तिथे पुढे उरली नसती.

म्हणून चार्ट सेव्ह करताना त्याच्या शीर्षकात पूर्ण प्रश्न लिहा : ‘एकाच प्रकारच्या ग्राहकांत कोणती शाखा किती टक्के डील जिंकते?’ आणि प्रत्येक खांबामागे किती डील आहेत, तो आकडा चार्टखालच्या तक्त्यात दिसू द्या. पुढच्या आठवड्यात तारखांचे ग्रुपिंग पाहू; तोवर आपल्या कंपनीचे आर्थिक वर्ष सॉफ्टवेअरमध्ये एप्रिलपासून सुरू होते की जानेवारीपासून, एवढे तपासून ठेवा.