जन्मजात हृदयदोष असलेल्या बाळाचे पोषण

हृदयविकार म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर उतारवयातील माणूस उभा राहतो. परंतु दर हजार जन्मांमागे साधारणपणे ८ ते ९ बालकांच्या हृदयात जन्मतःच काही ना काही दोष असतो, ही गोष्ट आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसते. यातील काही दोष किरकोळ असतात व वाढत्या वयाबरोबर आपोआप भरून येतात. काहींना मात्र औषधोपचार व शस्त्रक्रिया लागते. अशा बाळांच्या बाबतीत आईवडिलांना पहिली काळजी वाटते ती वजनाची.

बाळंतिणीला भेटायला आलेल्या बायका बाळाला मांडीवर घेतात आणि सहज बोलून जातात, “अगं, पोर काही अंग धरत नाही. तुला दूधच पुरत नसेल.” बोलणाऱ्याच्या मनात वाईट नसते, पण त्या आईच्या मनाला ते शब्द लागतात. ती वरचे दूध सुरू करते, गुटी देते, कोणी सांगेल तो उपाय करते आणि महत्त्वाचे दिवस निघून जातात. दोष आईच्या दुधात नसून बाळाच्या हृदयात असू शकतो, हे समाजाला कळावे म्हणून आम्ही हा लेख लिहीत आहोत.

वजन का वाढत नाही?

आपल्या हृदयाला चार कप्पे असतात, हे विद्यार्थ्यांनी शाळेत शिकलेलेच आहे. वरच्या दोन कर्णिका व खालच्या दोन जवनिका. दोन जवनिकांच्या मधील पडद्याला मोठे छिद्र असेल तर डावीकडील शुद्ध रक्ताचा बराचसा भाग शरीराकडे न जाता पुन्हा उजवीकडे व तेथून फुप्फुसांत जातो. फुप्फुसांत रक्ताची गर्दी होते, श्वास जलद चालतो आणि हृदयाला तेच काम दुप्पट करावे लागते.

जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत फुप्फुसांतील रक्तवाहिन्या आकसलेल्या असतात, म्हणून हे लगेच जाणवत नाही. चार ते आठ आठवड्यांत त्या सैलावतात व मग लक्षणे दिसू लागतात. त्यामुळेच “दवाखान्यातून आणले तेव्हा चांगले होते” असे घरचे लोक सांगतात आणि ते खरेही असते.

असे बाळ भुकेने रडते, अधाशासारखे दूध ओढू लागते, पण दोन-चार मिनिटांतच थकून सोडून देते. पिताना त्याच्या कपाळावर घाम डवरतो. थोडे झोपते, पुन्हा भुकेने उठते. दूध पिणे हाच त्याच्या दृष्टीने मोठा व्यायाम असतो.

जमाखर्चाचा हिशेब

निरोगी तान्ह्या बाळाला दर किलो वजनामागे रोज सुमारे १०० ते ११० उष्मांक लागतात. हृदयदोषामुळे धाप लागणाऱ्या बाळाला १२० ते १५० लागतात. म्हणजे ४ किलोच्या निरोगी बाळाचे ४०० ते ४४० उष्मांकांत भागते, तर त्याच वजनाच्या आजारी बाळाला ४८० ते ६०० हवेत. आईच्या १०० मि.लि. दुधात सुमारे ६७ उष्मांक असतात. या हिशेबाने ६०० उष्मांकांसाठी जवळजवळ ९०० मि.लि. दूध पोटात जायला हवे. जे बाळ दमून अर्ध्यावर सोडते, ते इतके कसे पिणार? शिवाय शरीरात पाणी साचू नये म्हणून काही बाळांना डॉक्टर दुधाचे प्रमाणही ठरवून देतात. जमा कमी व खर्च जास्त असल्यावर शिल्लक कोठून राहणार? म्हणून कमी श्रमात जास्त उष्मांक देणे, हेच या बाळांच्या पोषणाचे सूत्र होय.

दूध कसे पाजावे?

आईचे दूध हाच सर्वोत्तम आहार. हृदयदोष आहे म्हणून अंगावर पाजणे बंद करू नये. बाटलीपेक्षा अंगावर पिताना बाळाला श्वासाचा मेळ घालणे सोपे जाते, असे आढळून आले आहे. पुढील गोष्टी मात्र पाळाव्यात.

१) दर दोन ते तीन तासांनी, रात्रीसुद्धा, थोडे थोडे पाजावे. रडून रडून दमण्यापूर्वीच बाळाला घ्यावे.

२) बाळाचे डोके व छाती उंच राहील असे धरावे. मध्ये श्वास घ्यायला उसंत द्यावी.

३) एका वेळी २० ते ३० मिनिटांपेक्षा जास्त ओढू देऊ नये. त्यापुढे मिळकतीपेक्षा खर्चच वाढतो. उरलेले दूध पिळून वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने पाजावे.

४) एका बाजूचे दूध पूर्ण संपल्यावरच दुसरी बाजू द्यावी. शेवटी येणाऱ्या दुधात स्निग्धांश जास्त असतो.

५) पाणी, गुटी, मध, ग्लुकोजचे पाणी देऊ नये. इवल्याशा पोटातील जागा त्याने अडते.

एवढे करूनही पुरत नसेल तर डॉक्टर नाकातून जठरात जाणारी बारीक नळी घालतात. नळी पाहून घरचे घाबरतात. पण तिने बाळाचे श्रम वाचतात. ती शेवटची अवस्था आली असे मुळीच नाही. पिळलेल्या दुधात दूधपावडर किंवा तेल मिसळून उष्मांक वाढविण्याची पद्धतही आहे. परंतु त्याचे माप डॉक्टरांनीच ठरवावे. अंदाजाने घातल्यास जुलाब होतात व मिळविलेले वजनही जाते.

लघवी जास्त होण्याचे औषध दिले की “पोर सुकते आहे” म्हणून काही जण ते परस्पर बंद करतात. ही चूक करू नये. ते औषध फुप्फुसांतील साचलेले पाणी कमी करते व श्वास हलका झाला की बाळ अधिक पिते.

सहा महिन्यांनंतर

सहा महिने पूर्ण झाल्यावर वरचे अन्न सुरू करावे. आपल्याकडे भाताची पेज, डाळीचे वरवरचे पाणी देण्याची रीत आहे. त्यात पाणीच फार असते. त्याऐवजी घट्ट वरणभात कुस्करून त्यावर तूप, दाट नाचणीचे सत्त्व, उकडलेला बटाटा, केळे, नीट शिजवलेले अंडे द्यावे. चमच्यावरून ओघळून जाणार नाही इतके अन्न घट्ट असावे. वर्षाच्या आत मीठ घालू नये. रक्त कमी असल्यास हृदयावरचा ताण वाढतो, म्हणून लोहाच्या औषधाबद्दल विचारावे. लसीकरण चुकवू नये. साध्या न्यूमोनियानेही महिनाभराची कमाई जाते.

वजन दर आठवड्याला एकाच काट्यावर करून लिहून ठेवावे. पहिल्या तीन महिन्यांत निरोगी बाळ रोज २५ ते ३० ग्रॅम वाढते. या बाळांची वाढ त्याहून कमी असली तरी ती होत राहिली पाहिजे. मात्र एक-दोन दिवसांतच वजन एकदम वाढले व चेहरा सुजला, तर ती वाढ नसून साचलेले पाणी असू शकते.

वजनासाठी शस्त्रक्रिया लांबवू नये

“आधी वजन वाढू द्या, मग ऑपरेशनचे पाहू,” असे नातेवाईक सांगतात. छिद्र मोठे असेल तर वजन वाढतच नाही, आणि वाट पाहता पाहता फुप्फुसांतील रक्तवाहिन्या कायमच्या खराब होतात. मग छिद्र बुजविण्याची वेळही निघून जाते. आज अगदी लहान बाळांवरही शस्त्रक्रिया होतात व त्यानंतर वजन भराभर भरून येते. वेळ कोणती, हे तज्ज्ञाने ठरवावे.

येथे एका माणसाची आठवण होते. २९ नोव्हेंबर १९४४ रोजी अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात निळ्या पडणाऱ्या एका पंधरा महिन्यांच्या मुलीवर डॉ. आल्फ्रेड ब्लॅलॉक यांनी शस्त्रक्रिया केली. तिचे वजन होते अवघे चार किलोच्या आसपास. डॉ. हेलन टॉसिग यांनी ही कल्पना मांडली होती. प्रयोगशाळेत ती सिद्ध केली विवियन थॉमस या कृष्णवर्णीय तंत्रज्ञाने, ज्यांना वैद्यकीय महाविद्यालयात शिकण्याची संधी मिळाली नव्हती. ती मुलगी पुढे फार काळ जगली नाही. पण त्या दिवसापासून अशा हजारो बालकांना मार्ग मिळाला. १९७६ मध्ये त्याच संस्थेने थॉमस यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. आमच्या विद्यार्थ्यांनी हे नाव लक्षात ठेवावे.

आपण काय करावे?

शांत बाळाचा श्वास पूर्ण एक मिनिट मोजावा. दोन महिन्यांच्या आत ६० किंवा अधिक, त्यानंतर वर्षापर्यंत ५० किंवा अधिक भरला, पिताना घाम आला, ओठ व जीभ निळी दिसली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. २०१३ साली पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात हृदयदोषाची तपासणी येते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बालकांच्या हृदयशस्त्रक्रियाही आहेत. अंगणवाडीताई व आशाताईंकडे चौकशी करावी. पैसे नाहीत म्हणून घरी बसू नये.

आणि पुढच्या वेळी एखाद्या बाळंतिणीकडे गेल्यावर “दूध पुरत नसेल” असे म्हणण्याआधी, “पिताना दमतो का गं?” एवढे विचारावे. आमच्या सभासद बंधुभगिनींकडून आम्हांला एवढीच अपेक्षा आहे.