हत्यारातून हत्यार

कुंभाराचे चाक तुम्ही पाहिले असेल. चाकावर मातीचा गोळा फिरतो आणि कुंभाराचा हात जागच्या जागी राहून त्याला आकार देतो. लेथ नावाच्या यंत्राचे कामही असेच चालते. त्यात मातीऐवजी धातूचा तुकडा फिरतो व हाताऐवजी धारदार पोलादी पाते त्याला कातते. घरच्या घरी लहानशी वाफेची इंजिने, घड्याळे किंवा खेळण्यांचे सुटे भाग करण्याचा छंद पुष्कळांना असतो. अशा छंदी माणसाची यंत्रशाळा बहुधा एका लहान लेथपासून सुरू होते.

परंतु लेथ घरी आला म्हणजे यंत्रशाळा उभी राहिली असे नव्हे. तुकडा घट्ट धरण्यास चक हवा, कातण्यास निरनिराळी पाती हवीत, भोके पाडण्यास ड्रिल हवे, आटे पाडण्यास टॅप हवा. या साऱ्यांचा खर्च कधीकधी यंत्राच्या किमतीएवढा होतो. म्हणून जाणते कारागीर सांगतात, "दुकान पाहून हत्यार घेऊ नये, काम पाहून घ्यावे." पुढ्यातल्या कामास जे अडते तेवढेच आणावे. असे केल्याने पैसा वाचतो, आणि प्रत्येक हत्याराची नीट ओळख होते.

मग प्रथम काय घ्यावे? सर्वांआधी डोळ्यांचे रक्षण करणारा चष्मा. धातूचा उडालेला एक कणही डोळा निकामी करू शकतो. त्यानंतर मोजण्याची साधने. मायक्रोमीटरचे मळसूत्र पाहा. त्याला एक फेरा दिला की ते अर्धा मिलिमीटर सरकते. त्याच्या नळीच्या कडेवर ५० सारखे भाग पाडलेले असतात. म्हणून एक भाग फिरवला तर मळसूत्र ०.०१ मिलिमीटर, म्हणजे आपल्या केसाच्या जाडीपेक्षाही कमी सरकते. ज्याला नीट मोजता येत नाही, त्याला उत्तम यंत्राचाही उपयोग नाही.

जुन्या बाजारात चांगली हत्यारे स्वस्त मिळतात. मात्र ती पारखून घ्यावी लागतात. वरचा गंज घासून काढता येतो, परंतु लेथचा पाया झिजलेला असेल तर यंत्राचा दोष त्यावर केलेल्या प्रत्येक वस्तूत उतरतो. नवा रंग पाहून भुलू नये.

काही हत्यारे तर विकत घेण्याची गरजच नसते. झिजलेली कानस कठीण पोलादाची असते. तिचे टोक दगडावर घासून धार दिली की तिची खरवडणी होते. या साध्या खरवडणीने अगदी सपाट पृष्ठभाग तयार करता येतो. तो कसा, ते ऐका. बिडाच्या तीन पाट्या घ्यावयाच्या. एकीस निळा रंग लावून ती दुसरीवर घासावयाची. जेथे रंग लागेल तो उंचवटा खरवडून काढावयाचा. पण दोनच पाट्या एकमेकींशी जुळल्या म्हणून त्या सपाट ठरत नाहीत; एक फुगीर आणि दुसरी खोलगट असली तरीही त्या जुळतील. म्हणून तिसरी हवी. फुगीर पाटीशी जुळणारी तिसरीही खोलगटच होईल, आणि दोन खोलगट पाट्या एकमेकींशी कधीच जुळणार नाहीत. पाट्या वळवून वळवून पाहिल्या आणि तिन्ही परस्परांशी सर्व बाजूंनी जुळल्या, म्हणजे त्या सपाट झाल्या! इंग्लंडमधील यंत्रकार जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४० साली सपाट पृष्ठभाग करण्याची ही रीत विद्वानांपुढे मांडली.

अमेरिकेतील डेव्हिड जिंजरी (१९३२–२००४) यांनी याच विचाराला पुढे नेले. भंगारातले ॲल्युमिनियम कोळशाच्या लहान भट्टीत वितळवावे, साच्यात ओतून लेथचे भाग करावेत, आणि त्या लेथच्या साहाय्याने पुढची यंत्रे करावीत, असा मार्ग त्यांनी १९८० पासून प्रसिद्ध केलेल्या पुस्तकमालेत दाखवला. भट्टीतून लेथ, लेथमधून दुसरे यंत्र, दुसऱ्यातून तिसरे! पैसा थोडा असला तरी चिकाटी असेल तर काम अडत नाही, हे यावरून दिसते.

मुलांनो, अशी कामे वडीलधाऱ्या जाणत्या माणसाच्या देखरेखीखालीच करावीत. लेथजवळ सैल बाह्या व लोंबती वस्त्रे नसावीत, आणि चकाची किल्ली चकात कधीही विसरू नये. कानस सरळ चालवणे आणि अचूक मोजणे एवढे आज शिकलात तरी पुरे. बाजारातले हत्यार पैशाने मिळते. ते चालवणारा हात मात्र आपला आपणच घडवावा लागतो.