परमुलखातील सेवेकरी : डॉ. कोटणीस

'देश तसा वेश' अशी आपल्याकडे म्हण आहे. वेश बदलणे सोपे असते. परंतु जो माणूस सेवेसाठी परमुलखात जाऊन राहतो, त्याला वेशाबरोबर जेवण, निजणे आणि मुख्य म्हणजे जीभ बदलावी लागते. स्वयंसेवक म्हटला की आपल्याला हारतुरे आणि सत्कार आठवतात. तो रोज काय खात असेल, कुठे निजत असेल, त्याची फजिती कुठे होत असेल, याचा विचार सहसा होत नाही. सोलापूरचे सुपुत्र डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांच्या उदाहरणावरून तो करण्याचा हा अल्पसा प्रयत्न आहे.

१९३७ साली जपानने चीनवर मोठे आक्रमण केले. जखमी अगणित आणि डॉक्टर मोजके, अशी तेथील स्थिती होती. जनरल चू तेह यांनी पंडित नेहरूंकडे मदत मागितली. १९३८ साली काँग्रेसचे अध्यक्ष असलेल्या सुभाषचंद्र बोस यांनी देशाला आवाहन केले, निधी जमला आणि पाच डॉक्टरांचे पथक निघाले. डॉ. अटल हे प्रमुख, आपल्या विदर्भातील नागपूरचे डॉ. चोळकर हे वयाने ज्येष्ठ, बंगालचे डॉ. बसू व डॉ. मुखर्जी, आणि पाचवे कोटणीस. १ सप्टेंबर १९३८ रोजी 'राजपुताना' बोटीने त्यांनी मुंबई सोडली. कोटणीस तेव्हा २७ वर्षांचे होते आणि मुदत ठरली होती एक वर्षाची.

संकटे वाटेतच सुरू झाली. शहरांवर बाँब पडत होते, आघाडी मागे सरकत होती आणि तिच्याबरोबर पथकालाही मुक्काम हलवावा लागत होता. चुंगकिंगला असताना कोटणीसांना वडील वारल्याची बातमी मिळाली. घरी परतण्यास हे कारण कोणालाही पुरेसे होते. ते मात्र पुढे निघाले आणि फेब्रुवारी १९३९ मध्ये पथक येनानला पोहोचले.

येनानमध्ये पिवळ्या मातीच्या टेकड्यांत गुहा कोरून लोक राहत. अशा गुहा हिवाळ्यात उबदार आणि उन्हाळ्यात गार राहतात. उत्तर चीनच्या खेड्यांत निजायला विटांचा ओटा असतो, त्याला 'कांग' म्हणतात. चुलीचा धूर त्याच्या पोटातून फिरवून बाहेर सोडलेला असतो, म्हणून कडाक्याच्या थंडीतही अंथरूण गरम राहते. तेथील सैनिकांचे रोजचे अन्न म्हणजे राळे. आमच्या आजीच्या पिढीला राळे ठाऊक होते, आमच्या पिढीने ते क्वचितच चाखले. मुंबईत वैद्यकीचे शिक्षण घेतलेल्या या तरुणाने तेच आपले अन्न मानले.

परंतु सर्वांत अवघड होती भाषा. चिनी भाषेत एकच अक्षर सुराच्या चढउताराने अर्थ बदलते. 'मा' एका सुरात म्हटले तर आई, दुसऱ्या सुरात म्हटले तर घोडा! 'माइ' या शब्दाचा सूर चुकला की विकत घेणाऱ्याचा विकणारा होतो. आपल्या आठवडी बाजारात असे घडले तर काय गोंधळ उडेल, याची वाचकांनी कल्पना करावी. बाजारातली चूक हसण्यावारी जाते, पण जखमी माणूस 'कुठे दुखते' ते सांगत असताना ती चालत नाही. कोटणीसांनी ही भाषा नेटाने शिकून घेतली, इतकी की पुढे ते चिनी विद्यार्थ्यांना शस्त्रक्रियेचे धडे चिनी भाषेतच देऊ लागले.

पथकातील इतर सहकारी प्रकृतीमुळे वा अन्य कारणांनी टप्प्याटप्प्याने परतले. कोटणीस राहिले. कॅनडाचे थोर शल्यविशारद डॉ. नॉर्मन बेथ्यून यांचे शस्त्रक्रिया करताना बोट कापले आणि रक्तात विष भिनून १२ नोव्हेंबर १९३९ रोजी ते वारले. परमुलखातील सेवेकऱ्याचा अपघात किती क्षुल्लक कारणाने घडतो पाहा! त्यांच्या नावाच्या रुग्णालयाचे संचालकपद जानेवारी १९४१ मध्ये कोटणीसांकडे आले. तेथील लोक त्यांना प्रेमाने 'काळी आई' म्हणत. आपण वऱ्हाडातले शेतकरी जमिनीला काळी आई म्हणतो. याहून मोठी पदवी कोणती असणार?

१९४१ मध्येच परिचर्या शिकविणाऱ्या क्वो छिंगलान यांच्याशी त्यांचा विवाह झाला. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला. त्याचे नाव 'यिनहुआ', म्हणजे भारत आणि चीन. परंतु अपस्माराचे झटके वाढत गेले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी, हेबेई प्रांतातील एका खेड्यात त्यांचे निधन झाले. शस्त्रक्रियेवरील त्यांचे पुस्तक अपुरे राहिले. १९४६ साली व्ही. शांताराम यांनी त्यांच्यावर चित्रपट काढला.

हे सारे वाचताना मला आमच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरातील एक प्रसंग आठवतो. एका तांड्यावर आरोग्य तपासणी होती. एक म्हातारी आली. बाहेरगावाहून आलेल्या डॉक्टरांनी शुद्ध मराठीत प्रश्न विचारले. तिने फक्त हात पुढे केला. तिला गोळ्या देऊन पुढचा नंबर पुकारला गेला. तेवढ्यात तिच्या नातीने तेच प्रश्न गोरबोलीत विचारले, तेव्हा कळले की दोन महिन्यांपासून तिला रात्री झोप नाही आणि दुखणे होते ते भलतेच. परदेश म्हणजे नेहमी समुद्रापलीकडेच असतो असे नाही. अनसिंगपासून काही कोसांवरही तो भेटतो.

आमच्या घरातून कॉलेजात येणारी मी पहिलीच. 'बी.ए. करून काय होणार?' हा प्रश्न आमच्या ओसरीवर येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो. वडील काही बोलत नाहीत, मान खाली घालतात. त्यांच्या वतीने मला आता उत्तर द्यावेसे वाटते. शस्त्र चालविणारा हात कोटणीसांनी मुंबईत कमावला होता, पण तो चिनी शेतकऱ्याच्या उपयोगी पडला तो त्यांनी त्याची भाषा शिकून घेतल्यावर. भाषा शिकणे हेही सेवेचेच काम आहे, आणि कला शाखेत आम्ही तेच शिकतो. यंदाच्या शिबिरापूर्वी गोरबोलीतली निदान दुखण्याखुपण्याची वाक्ये शिकण्याचे आम्ही काही मैत्रिणींनी ठरविले आहे. शिकविणारी ठरली आहे, तीच नात!